क्यूआर छापण्याआधी आणि चिकटवल्यानंतर

भाजीच्या गाडीपासून देवळाच्या दानपेटीपर्यंत सगळीकडे क्यूआर लागलेत. त्याबद्दल तक्रार नाही. पण एकदा चिकटवला की कुणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, आणि गोंधळ तिथंच होतो.

क्यूआर म्हणजे निव्वळ मजकूर. 1994 साली जपानमधल्या डेन्सोच्या मासाहिरो हारा आणि सहकाऱ्यांनी तो गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला काढला, तेव्हाही मजकूरच होता. दुकानातल्या स्टिकरमध्ये एकच ओळ असते: कुठल्या यूपीआय आयडीवर पैसे जायचे, नाव काय, चलन रुपये. रक्कम नसते, म्हणून ती गिऱ्हाईक टाकतं. बिलासोबत पडद्यावर येणाऱ्या क्यूआरमध्ये रक्कमही भरलेली असते.

त्या ओळीतल्या नावाच्या जागी कुणीही काहीही लिहू शकतो. म्हणूनच पैसे पाठवण्याआधी अ‍ॅपने खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नावच दाखवावं, असा नियम 30 जून 2025 पासून आला. नियम चांगला, पण पाटीवर 'जय मल्हार भेळ' आणि मोबाइलवर मालकाच्या बायकोचं नाव, म्हटल्यावर गिऱ्हाईक करणार काय? आपल्याकडे हे सर्रास असतं. तेव्हा दुकानदारांनी क्यूआरखाली बँकेतलं नाव ठळक अक्षरांत छापून घ्यावं. खर्च शून्य.

स्टिकरवर दुसरा स्टिकर चिकटवणं हा या धंद्यातला सगळ्यात सोपा गुन्हा आहे. रात्री शटरबाहेर राहिलेला क्यूआर सकाळी भलत्याचाच असू शकतो. दुकान उघडल्यावर कडेवरून नख फिरवायचं, दुहेरी थर लगेच कळतो. मग घरच्या कुणाच्या तरी मोबाइलवरून एक रुपया टाकायचा. साउंड बॉक्स बोलला तर ठीक. गिऱ्हाईक 'गेले' म्हणतंय आणि बॉक्स गप्प, असं लागोपाठ दोनदा झालं तर नेटवर्कला शिव्या देण्याआधी क्यूआर तपासा. आणि गिऱ्हाइकाचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. आपल्या खात्यात जमा दिसली पाहिजे.

आता छपाई. गणेशोत्सवात वर्गणीच्या फ्लेक्सवर हमखास दिसणारा प्रकार म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला स्क्रीनशॉट ताणून मोठा केलेला, कडा भुरकट. डिझाइनवाल्याला मूळ पीडीएफ किंवा एसव्हीजी फाइल द्या. आकाराचा ठोकताळा साधा: जितक्या लांबून स्कॅन करायचा, त्याच्या एक दशांश रुंदी. 3 मीटर लांबच्या बॅरिकेडपलीकडून स्कॅन व्हायला हवा असेल तर 30 सेंटीमीटर. सभोवती क्यूआरमधल्या एका बारीक चौकोनाच्या चौपट कोरी जागा लागते. नेमकी तीच कापून तिथं झेंडूची तोरणं लावतात. रंग गडद, पार्श्वभूमी फिकट. उलटं केलं तर काही मोबाइल वाचतात, काही नाही. लॅमिनेशन मॅट घ्या, चकचकीत कागदावर ट्यूबलाइट चमकते.

मधोमध लोगो टाकायचा असेल तर क्यूआर बनवताना दुरुस्तीची सगळ्यात वरची पातळी 'एच' निवडा. अशा चार पातळ्या असतात, साधारण 7, 15, 25 आणि 30 टक्के मजकूर खराब झाला तरी वाचता येईल अशा. पण कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन त्यात धरलेले नाहीत. त्यातला एक जरी चिकटपट्टीखाली गेला तरी बहुतेक वेळा स्कॅन होत नाही.

मजकूर जितका लांब, तितकी जाळी दाट. देवनागरीत तर प्रत्येक अक्षराला, मात्रेला, हलन्ताला तीन-तीन बाइट लागतात. नुसतं 'नमस्कार' 21 बाइटचं होतं. लग्नपत्रिकेवर अख्खा पत्ता कोंबण्यापेक्षा नकाशाची छोटी लिंक द्यावी.

पण छोटी लिंक कुणाची, ते बघा. फुकट क्यूआर करून देणाऱ्या काही साइट आपली लिंक न भरता स्वतःची भरतात आणि तिथून पुढं पाठवतात. चाचणीची मुदत संपली की 'प्लॅन घ्या' असा फलक येतो, आणि हजार पत्रिका तोवर वाटून झालेल्या असतात. छापण्याआधी स्कॅन करून पत्ता वाचा. आपलीच लिंक दिसली तर तो क्यूआर स्वतःहून कधीच बंद पडत नाही. लिंकमागचं पान मात्र चालू हवं.

ज्यांवर भरवसा ठेवता येतो असेही क्यूआर आहेत. आधारवरच्या क्यूआरमध्ये डिजिटल सही असते. आधारच्या अधिकृत अ‍ॅपने वाचला तर खाडाखोड उघडी पडते. साध्या स्कॅनरवर नुसते लांबलचक आकडे दिसतात, त्यावरून कार्ड खरं की खोटं ते ठरत नाही. घरांच्या जाहिरातींत महारेराने 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर सक्तीचा केला, हेही उत्तम झालं. पण स्कॅन केल्यावर सरकारी पानच उघडलंय ना, ते पाहा. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या (/) आधीचा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन'वर संपायला हवा. ती अक्षरं मध्येच कुठंतरी असून उपयोग नाही.

हॉटेलात मेन्यूकार्डच काढून टाकून टेबलावर फक्त क्यूआर ठेवणं हा मात्र शुद्ध आळस आहे. सोबतच्या आजोबांनी चहा कितीला ते कसं बघायचं? सोसायटीच्या 'उद्या पाणी नाही' या सूचनेचंही तेच. तीन शब्द फळ्यावर लिहा की!

आणि 'पैसे मिळवायला स्कॅन करा' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. पिन टाकून बसला असाल तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, मग बँकेला. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच परत मिळायची आशा असते.