माहीत नाही, असे कदापि म्हणू नये

चारचौघे मित्र गप्पा मारत बसलेले असतात, गप्पांना रंग चढलेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्यापैकी एकजण कोठेतरी वाचलेला किंवा कोणा वडीलधाऱ्याच्या तोंडून ऐकलेला एखादा वाक्प्रचार बेसावधपणे वापरून जातो. मंडळी क्षणभर थबकतात. त्या वाक्प्रचाराचा अर्थ कोणालाच ठाऊक नसतो, ज्याने तो वापरला त्याला तर नसतोच नसतो. मात्र प्रत्येकाची समजूत अशी असते की अज्ञानाचा मान आज एकट्या आपल्यालाच मिळालेला आहे. या नाजूक क्षणी कसे वागावे, याविषयी योग्य वेळी मार्गदर्शन न मिळाल्यामुळे चांगली शिकलीसवरलेली माणसे घाबरून खरे बोलून जातात, असे माझ्या पाहण्यात आले आहे. ती उणीव अल्पस्वल्प भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सर्वांत आधी हे ध्यानात घ्यावे की ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द संभाषणाचा गळा घोटतात. आपण ते उच्चारले की समोरचा सुटकेचा श्वास टाकून ‘मलाही नाही’ म्हणतो, तिसरा ‘जाऊ द्या’ म्हणतो आणि वाक्प्रचार जसा आला तसा निघून जातो. एवढ्या मोठ्या भाषेत जन्म घेऊन आपण तिच्या कामी आलो नाही, ही रुखरुख मग जन्मभर राहते. त्याऐवजी आपण किंचित मागे रेलावे, छताकडे पाहावे आणि ‘याची मोठी गंमत आहे’ असे म्हणावे. गंमत काय आहे, ते त्या वेळी आपल्यालाही ठाऊक नसते. परंतु वाक्य सुरू झाले की अर्थ मागून येतोच, आणि नाही आला तरी तोवर ऐकणाऱ्यांचा विश्वास बसलेला असतो.

शब्दकोश उघडण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. मोल्सवर्थ साहेबांनी १८३१ साली मराठीचा कोश काढला आणि तेवढ्यावर समाधान न मानता १८५७ साली त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती आणली. पुढे दाते आणि कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग सिद्ध केले आणि तेही पुरेसे नाही असे वाटून १९४२ आणि १९४७ साली केवळ वाक्प्रचारांचा असा स्वतंत्र कोश दोन विभागांत छापला. या थोर मंडळींच्या परिश्रमांविषयी आपण आदर अवश्य बाळगावा. आदर बाळगण्यासाठी पुस्तक उघडावे लागत नाही. जो खेळ मित्रांच्या मैफलीत तासभर रंगू शकतो, तो कोशाच्या दीड ओळीत संपतो, आणि त्या दीड ओळीत ‘हे मी आधीच म्हणत होतो’ असे म्हणायला जागाही ठेवलेली नसते. हल्ली कोश खिशातल्या मोबाइलमध्ये असतो, म्हणून धोका वाढला आहे. प्रत्येक मैफलीत एक तरी मित्र असा असतो की ज्याचा हात चर्चा सुरू होताच खिशाकडे जातो. त्याला ‘थांब, आधी आपण डोके चालवू’ असे सांगावे. हे वाक्य बौद्धिक वाटते आणि त्याचा अर्थ ‘थांब, आधी मला बोलू दे’ असा असतो.

आमच्या मंडळींत एकदा ‘बादरायण संबंध’ असाच येऊन पडला. पाचजण होतो. एका मित्राने कोणा दोन माणसांविषयी ‘त्यांचा आपसांत काहीतरी बादरायण संबंध आहे म्हणे’ असे विधान केले आणि चूक उमगल्यासारखा तो स्वतःच गप्प झाला. पहिला अंदाज सावध होता: शब्द एवढा भारदस्त आहे, त्या अर्थी तो अगदी रक्ताचा, सख्ख्यांतला संबंध असणार. दुसऱ्याने शाळेत गुणांसाठी का होईना, पण संस्कृत घेतलेले होते. बादरायण हे ब्रह्मसूत्रांचे कर्ते, हे त्याला पक्के ठाऊक होते. तेव्हा जीव आणि ब्रह्म यांच्यात जो काही संबंध असतो तोच हा, असा निकाल त्याने दिला. अशा मित्रापासून विशेष सावध राहावे, कारण त्याची निम्मी माहिती खरी असते आणि उरलेले निम्मे त्या खऱ्याच्या खांद्यावर बसून आत शिरते. ब्रह्मसूत्रे परंपरेने बादरायणांच्याच नावावर आहेत, यात शंका नाही. वाक्प्रचाराशी मात्र त्यांचे काही देणेघेणे नाही. तिसऱ्याने उत्तरायण आणि दक्षिणायन या शब्दांच्या पंक्तीला बादरायण नेऊन बसवले आणि ‘बादल’ या शब्दातल्या ‘ल’चा ‘र’ करून पावसाळ्यापुरते टिकणारे नाते, असा अर्थ सांगितला. तो मला मनापासून आवडला. त्याच्या अर्थाची माणसे माझ्या ओळखीत होती.

आता माझी पाळी होती. मी मागे रेललो, छताकडे पाहिले आणि याची मोठी गंमत आहे असे म्हणालो. मूळ शब्द ‘बाद-रामायण’ असा आहे, असे मी गंभीरपणे सांगितले. ‘बाद’ हा दरबारी फारसीच्या वाटेने आलेला शब्द, त्याचा अर्थ ‘नंतर’. सगळे रामायण ऐकून झाल्यावर रामाची सीता कोण, असे जो विचारतो, त्याचा विषयाशी जेवढा संबंध असतो, तेवढाच ‘बाद-रामायण संबंध’. पुढे बोलण्याच्या ओघात मधला ‘मा’ झिजून गेला आणि बादरायण उरले. बोलता बोलता मलाच ते पटू लागले. अक्षरे मोजून पाहावीत. ‘मा’ काढला की हिशेब तंतोतंत जुळतो, आणि जुळणारा हिशेब खोटा असेल अशी शंका चारचौघांत कोण घेणार? एकाने फक्त एवढेच विचारले की मग तो ‘मा’ गेला कुठे. त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, ही माझी उणीव मी मान्य करतो.

पाचवा मित्र कोपऱ्यात बसला होता, आणि दुर्दैवाने त्याला खरा अर्थ ठाऊक होता. त्याने सांगितले की एक अनोळखी गृहस्थ गाडी घेऊन एका घरी उतरतो आणि आपल्या नातेवाइकाच्या थाटात पाहुणचार घेतो; यजमानाला वाटते हा बायकोकडचा असेल, बायकोला वाटते नवऱ्याकडचा असेल; अखेर नाते विचारले जाते तेव्हा पाहुणा म्हणतो, माझ्या गाडीचे चाक बोरीच्या लाकडाचे आहे आणि तुमच्या अंगणात बोरीचे झाड आहे, हाच आपला संबंध. बोरीला संस्कृतात बदरी म्हणतात, त्यावरून बादरायण. आणि या कथेच्या श्लोकाचा शेवट ‘यूयं यूयं, वयं वयम्’ असा आहे, म्हणजे तुम्ही ते तुम्ही आणि आम्ही ते आम्ही. तेव्हा ओढूनताणून जोडलेला, नसलेला संबंध म्हणजे बादरायण संबंध. यावर आम्ही चौघेही मोकळेपणाने हसलो आणि ‘काहीही सांगतोस’ असे एकमुखाने म्हणालो. बादलातून आणि रामायणातून एकेक धागा ओढून आम्ही त्या तासाभरात जे काही करत होतो, त्याला एक अचूक शब्द होता. फक्त त्याचा अर्थ आम्हांला ठाऊक नव्हता.

या प्रसंगातून आपण पाचव्या मित्राची चूक समजून घ्यावी. खरी व्युत्पत्ती ही बहुधा अंदाजापेक्षा अधिक अविश्वसनीय असते, म्हणून ती सांगणाऱ्याने हरण्याची तयारी ठेवूनच तोंड उघडावे. ‘सव्यापसव्य’ म्हणजे जानवे डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर आणि पुन्हा डाव्यावर नेण्याचा श्राद्धातला खटाटोप, हे खरे आहे, पण ते ऐकताना कोणीतरी आत्ताच रचल्यासारखे वाटते. ‘सूतोवाच’ या शब्दात धागा नाही, पुराणकथा सांगणारा सूत आहे आणि ‘सूत उवाच’ म्हणजे ‘सूत म्हणाला’ एवढाच त्याचा उगम आहे, हे सांगून पाहावे. सुतावरून स्वर्ग गाठणारा शेजारचा मित्र आपल्याला लगेच खाली ओढतो. ‘खडाष्टक’ या शब्दात खडा शोधणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यापुढे ज्योतिषातले षडाष्टक, म्हणजे दोन राशींमधले सहा आणि आठ स्थानांचे वाकडे नाते, मांडून काय मिळणार? खडा हातात धरता येतो. ‘अठराविश्वे दारिद्र्य’ म्हणजे अठरा विसे, अर्थात ३६०, म्हणून वर्षाचे सगळे दिवस दारिद्र्य, असा एक उलगडा सांगितला जातो. गुणाकार बरोबर असूनही लोक त्याच्याकडे संशयानेच पाहतात, कारण त्यात एकही राजा नाही.

राजा असावा, हे विसरू नये. आपल्या अंदाजाला चार प्रकारचे आधार देता येतात आणि त्यांत राजदरबाराचा आधार सर्वांत टिकाऊ असतो. त्याखालोखाल फारसीचा, कारण ऐकणाऱ्यांपैकी कोणाला फारसी येत नसते आणि ते कबूल करण्याची पद्धत नाही. तिसरा आजीचा. आजीचा आधार घेताना ‘आजी नेहमी म्हणायची’ एवढे पुरे. आजी काय म्हणायची हे शब्दशः सांगू नये, नाहीतर आजीचे वय आणि वाक्प्रचाराचे वय यांची तुलना करणारा कोणीतरी निघतो. चौथा आधार मोघमपणाचा, आणि तो नवशिक्यांसाठी राखून ठेवावा.

या मार्गावर चालताना आपल्या मनात कधी अपराधी भावना आलीच, तर भाषेकडे पाहून धीर धरावा. परोक्ष म्हणजे डोळ्यांआड आणि अपरोक्ष म्हणजे प्रत्यक्ष, डोळ्यांदेखत. परंतु मराठीत कोणीतरी केव्हातरी ‘माझ्या अपरोक्ष’ असे ‘माझ्या पाठीमागे’ या अर्थाने म्हटले, ऐकणाऱ्याने मान डोलावली आणि आज हा शब्द नेमक्या उलट्या अर्थाने सुखाने नांदतो आहे. राजीनामा हा मुळात संमतीचा, तडजोडीचा कागद होता. आता तो बहुधा कोणीही राजी नसताना दिला जातो. संस्कृतातली शिक्षा म्हणजे शिकणे आणि शिकवणे, आपल्याकडे ती थेट दंड होऊन बसली. हा बदल विद्यार्थ्यांनी सुचवला असावा, असा माझा अंदाज आहे, आणि तो कोणी शिवकाळापर्यंत मागे नेल्यास माझी हरकत नाही. एक माणूस चुकला की ती चूक असते आणि पुरेशी माणसे चुकली की रूढी होते. म्हणून चुकायचे असेल तर एकट्याने चुकू नये, मित्रांना सोबत घ्यावे.

एक कबुली मात्र दिली पाहिजे. त्या संध्याकाळी आम्ही हसत होतो, ते प्रत्येकाला आपण थापा मारतो आहोत हे ठाऊक होते म्हणून. बादलाचा अर्थ सांगणारा स्वतःच्या अर्थावर सर्वांत मोठ्याने हसला होता. ज्या क्षणी आपल्या अंदाजावर आपले हसू थांबते त्या क्षणी खेळ संपतो आणि व्याख्यान सुरू होते, आणि तिथून पुढे आपल्याला मित्रांची गरज उरत नाही, श्रोत्यांची लागते. ही पायरी ओलांडावी की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. ओलांडणाऱ्यांची प्रगती फार झपाट्याने होते, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

मध्ये बरीच वर्षे गेली. एका समारंभात शेजारी बसलेल्या एका अपरिचित, प्रौढ गृहस्थांनी बोलता बोलता बादरायण संबंधाचा उल्लेख केला आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून ‘याची मोठी गंमत आहे’ असे म्हणून ते मागे रेलले. मूळ शब्द बाद-रामायण असा आहे, हे त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितले होते. फारसी ‘बाद’, रामाची सीता कोण, सगळे यथास्थित आले. माझ्या तोंडून ते इतके सुरेख निघाले नव्हते. मी धीर करून विचारले की मग मधला ‘मा’ गेला कुठे. त्यांनी ही शंका अपेक्षितच असल्यासारखी मान हलवली. तो ‘मा’ दप्तरात तसाच पडून होता, असे ते म्हणाले. पुढे १७७३ साली नारायणराव पेशव्यांच्या वेळी आनंदीबाईंना ‘ध’चा ‘मा’ करायचा होता, तेव्हा तोच कामी आला.

मी नि:शब्द झालो. एवढ्या वर्षांत मला हे सुचले नव्हते. थोड्या वेळाने, निव्वळ कर्तव्य म्हणून, मी त्यांना विचारले की या शब्दामागे बोरीच्या झाडाची आणि गाडीच्या चाकाची काही कथा आहे, असेही कोणी सांगतात ना? त्यांनी माझ्याकडे अत्यंत सहानुभूतीने पाहिले आणि ते म्हणाले, “हो, मूळ ठाऊक नसले की लोक काहीबाही अंदाज करतात.”