एका इंचाला एक फूट

आखाजीला बहीण माहेरी आली. तिच्याबरोबर अकरा वर्षांची भाची आली आणि भाचीच्या बॅगेत प्लास्टिकच्या चपट्या, चकचकीत दोऱ्यांची भेंडोळी आली.

"मामा, तुझ्या आयकार्डाची दोरी किती मळलीय! नवीन विणायला मी शिकवते तुला."

'शिकवते' हा शब्द मला लागला. "अगं, पोळ्याला बैलांच्या मोरक्या, गोफ, गोंडे, सगळं आमच्या घरी व्हायचं," मी म्हणालो. खरं म्हणजे ते सगळं वडील विणायचे. मी फक्त दुसरं टोक पायाच्या अंगठ्यात धरून बसायचो. पण हे सांगू शकणारी एकटी आई, आणि ती स्वयंपाकघरात कळण्याच्या भाकरी थापत होती.

आधी मी हिशोब मांडला. भाची म्हणाली, एक इंच वीण व्हायला प्रत्येक टोकाची साधारण एक फूट दोरी जाते. गळ्यातली दोरी 36 इंच, म्हणजे प्रत्येक टोक 36 फूट. दोन दोऱ्या मधोमध दुमडून चार टोकं करायची, म्हणजे एकेक दोरी 72 फूट! एवढी दोरी घेऊन बसायचं तर मला अंगणात आणि भाचीला बोरी नदीच्या पलीकडे बसावं लागलं असतं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "मामा, गळ्याभोवती साधीच दोरी असते. खाली लोंबतं तेवढंच विणायचं."

चौकोनी वीण दिसायला सोपी आहे. लाल दोरीची दोन टोकं दोन पुलांसारखी समोरासमोर टाकायची. मग हिरवं एक टोक पहिल्या पुलावरून न्यायचं आणि दुसऱ्याखालून काढायचं; दुसरं हिरवं टोक उलट दिशेनं, तसंच. चारही टोकं एकदम ओढली की लाल-हिरव्या चार घरांचा नखाएवढा पट तयार होतो. भाचीचा झाला. माझा ओढला की सुटायचा. सुतळी चुकली तर उकलून पुन्हा वळता येते. प्लास्टिकची दोरी मात्र झालेली प्रत्येक चूक वळीच्या रूपानं जपून ठेवते, घरातल्या माणसांसारखी.

त्यात कूलर. झोतात टोकं फडफडून माझ्याच नाकात जायला लागली, म्हणून कूलर बंद केला. अमळनेरात दुपारी 43 अंश. (भुसावळवाले हसतील, हसू देत.) हाताला घाम, दोरी निसटते. उन्हानं ती इतकी मऊ पडलेली की जोर लावला की लांबते आणि मधेच शेवयीसारखी बारीक होते. आमची ही दारातून डोकावली आणि म्हणाली, "अहो, बाजारात तीस रुपयाला मिळते." मी ऐकलंच नाही.

तासाभरानं बोटाच्या पेराएवढा चौकोनी मनोरा उभा राहिला आणि तिथंच माझी मती फिरली. "आता खाली गोल वीण घेऊ. मग पुन्हा चौकोनी." भाचीनं माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. चौकोनी विणीत दोरी सरळ पलीकडे जाते; गोल विणीत ती शेजारच्या दोरीला ओलांडून तिरकी जाते आणि मनोरा पिळदार चढतो. अट एकच, तिरकं जायचं ते दर वेळी एकाच बाजूनं. मी चार टाके उजवीकडे घेतले. तेवढ्यात भाकरी खाऊन आलो आणि पुढचे तीन डावीकडे घेतले. मनोऱ्याला पोक आलं.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. ते वर धरून नीट न्याहाळलं.

"हाई बैलले बांधनं शे का मानूसले?"

मग तिनं भाचीला अंगठ्यात टोक धरण्याची सगळी हकिगत सांगितलीच.

उलटे तीन टाके भाचीनं उकलले. मी पुन्हा घातले, शेवटी चौकोनी वीण घेतली. तिनं मेणबत्तीवर टोकं वितळवून चिकटवली, आईच्या जुन्या पर्सची कडी अडकवली आणि आयकार्ड लोंबवलं. ते गर्रकन फिरलं आणि पाठ करून थांबलं. सरळ केलं, पुन्हा पाठ.

"गोल टाके कमी पडले मामा. अजून थोडे घातले असते की वळलं असतं सरळ."

दोरी संपली होती. उकललेल्या तीन टाक्यांत ताणून ताणून जेवढी वाया गेली, नेमकी तेवढीच हवी होती.

सोमवारी तेच घालून ऑफिसात गेलो. फोटो आणि हुद्दा माझ्या शर्टाकडे तोंड करून बसले होते. दिवसभर जो समोर येई तो थांबून माझ्या छातीवरचं मोठ्यानं वाचत होता : 'सापडल्यास कृपया कार्यालयात जमा करावे.'