एक रुपयाचं नाणं किड्याचं माप सांगत नाही

बागेतल्या बारीक किड्यांचे मॅक्रो म्हणजे अगदी जवळून फोटो काढणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो. तो असा: लेन्सवर १:१ लिहिलं असेल तर फोटोत किडा खऱ्या मापाचाच येतो. मोबाईलवर ‘५एक्स’ दिसत असेल तर स्क्रीनवरच्या मापाला पाचाने भागायचं. तेही नको असेल तर किड्याशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवायचं. आणि जिवंत किडा काही मोजता येत नाही, त्यामुळे पक्कं माप हवं असेल तर त्याला डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवून मारायचं. यातलं एकही विधान जसंच्या तसं टिकत नाही.

माप थोडं चुकलं तर काय बिघडलं, असं कुणी विचारेल. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण (मिलीबग) पडला की लोक पांढऱ्या ठिपक्यांचे फोटो काढून कोणतं औषध मारू म्हणून विचारतात. त्याच फांदीवर कधी कधी क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची (लेडीबर्ड) अळी फिरत असते. हा मूळचा ऑस्ट्रेलियातला, पण पिठ्या ढेकूण खातो म्हणून आपल्याकडे द्राक्षबागांमध्येही मुद्दाम सोडतात. याची अळीसुद्धा पांढरी आणि अंगावर मेणाचे धागे असलेली. ते धागे उलट जास्तच लांब. फ्रेम भरून काढलेल्या फोटोत दोघांत फरक करणं अवघड जातं. ढेकणाची मादी साधारण ३-४ मिमीची असते, तर पूर्ण वाढलेली ही अळी १२-१३ मिमीपर्यंत जाते. फोटोसोबत खरं माप असेल तर बघणाऱ्याला लगेच शंका येते. नसेल तर ‘केवढा मोठा ढेकूण!’ म्हणत फवारणी होते आणि ढेकूण खाणाराच मरतो. लहान वयातली अळी मात्र ढेकणाएवढीच असते, तेव्हा एकट्या मापावर विसंबू नका. ती कशी चालते तेही बघा: अळी झपझप फिरते, पोसलेली ढेकणाची मादी जागची फारशी हलत नाही.

आता १:१ कडे येऊ. या प्रमाणाचा अर्थ एवढाच, की कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर, म्हणजे प्रतिमा टिपणाऱ्या चिपवर, पडलेली प्रतिमा किड्याएवढी आहे. स्क्रीनवर ती किती दिसेल याच्याशी त्याचा संबंध नाही. मोठ्या आकाराचा, फुल-फ्रेम म्हटला जाणारा सेन्सर ३६ मिमी रुंद असतो, त्याहून लहान एपीएस-सी साधारण २३.५ मिमी. त्यामुळे १:१ ला काढलेली ६ मिमीची मुंगी पहिल्या कॅमेऱ्यात फ्रेमची एक षष्ठांश रुंदी व्यापते आणि दुसऱ्यात पाव रुंदीहून किंचित जास्त. फुल-फ्रेमचा तो फोटो २४ इंची मॉनिटरच्या पूर्ण रुंदीएवढा केला तर ३६ मिमीचे सुमारे ५३ सेंटिमीटर होतात, म्हणजे मुंगी जवळपास पंधरा पट दिसते. शिवाय लेन्सवरचं १:१ हे सर्वांत जवळून फोकस केल्यावर मिळणारं प्रमाण आहे. किडा बुजू नये म्हणून थोडं मागे सरकून पुन्हा फोकस केला की ते लगेच १:१.५, १:२ असं घसरतं. फोटो काढणाऱ्याला ते जाणवतही नाही.

पण प्रमाण खरोखर १:१ आहे याची खात्री असेल तर हिशोब फार सुंदर जमतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यात रुंदीला ६००० पिक्सेल असतात, म्हणजे एका पिक्सेलला ६ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग). कुंडीतल्या ओल्या पाचोळ्यातला गोलमटोल स्प्रिंगटेल (उड्या मारणारा इवलासा जीव) २०० पिक्सेल लांब भरला, तर तो १.२ मिमीचा. फोटोच्या कडा कापल्या तरी हा हिशोब बदलत नाही. पूर्ण फोटोच छोटा केला तर मात्र बदलतो, आणि व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो छोटाच होऊन पोचतो. मोजायचं असेल तर मूळ फाइलवरच मोजा.

‘५एक्स’बद्दल फार लिहायला नको. मुख्य कॅमेऱ्याच्या तुलनेत दृश्य किती पट जवळ आणलं, एवढंच तो आकडा सांगतो. दोन मीटरवरच्या झाडाला तो ५एक्स आणि वीतभर अंतरावरच्या कोळ्यालाही ५एक्सच. त्यातून अनेक फोन मॅक्रोसाठी गुपचूप अल्ट्रा-वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातात. २०२१ च्या आयफोन १३ प्रोमध्ये तो २ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करतो. अशा आकड्याने भागून जे उत्तर येतं त्याला काही अर्थ नाही.

नाण्याचा सल्ला मात्र नीट तपासायला हवा, कारण तो सगळ्यांना पटतो. पहिला प्रश्न: कोणतं नाणं? १९९२ पासून निघालेलं स्टीलचं एक रुपयाचं नाणं २५ मिमी व्यासाचं होतं, २०११ च्या मालिकेतलं २१.९३ मिमीचं आहे आणि २०१९ च्या मालिकेतलं २० मिमीचं. २० मिमीचं नाणं २५ चं समजून हिशोब केला की किडा सव्वापट मोठा होतो. नाण्यावरचं साल दिसत नसेल तर फोटो बघणाऱ्याने काय धरायचं?

दुसरी अडचण अंतराची, आणि ती पट्टी ठेवली तरी सुटत नाही. फोन किड्यापासून २० मिमीवर आहे आणि नाणं किड्याच्या ४ मिमी मागे, पानावर टेकलेलं आहे असं समजा. किडा २० वर, नाणं २४ वर, म्हणजे नाण्याच्या तुलनेत किडा सुमारे २० टक्के मोठा दिसणार. लांब लेन्सने दुरून काढलेल्या फोटोत हीच चूक नगण्य असते. म्हणजे फोन जितका जवळ नेऊ, तितकं नाणं जास्त फसवतं, आणि नाण्याचा सल्ला दिला जातो तो नेमका फोनवाल्यांना. त्यात किडा कॅमेऱ्याच्या दिशेने ३० अंश कललेला असला तर उलट त्याची लांबी १३ टक्क्यांनी कमी दिसते. म्हणून किडा पूर्ण आडवा, डोक्यापासून टोकापर्यंत सारखा स्पष्ट आलेला फोटोच मोजायला घ्या. १:१ ला एफ/८ वर (लेन्सचं छिद्र मध्यम उघडं असताना) जेमतेम मिलिमीटरभर खोलीच स्पष्ट येते. ही मर्यादा इथे उपयोगी पडते: पाच-सहा मिलिमीटरच्या किड्याचं डोकं आणि शेपटी दोन्ही स्पष्ट असतील तर तो फारसा कललेला नाही.

किड्याशेजारी काही ठेवण्याची गरजच नाही. आधी फोकस लॉक करून किड्याचा फोटो काढा आणि तो लॉक तसाच ठेवा, झूमला हात लावू नका. मग स्टीलच्या पट्टीसमोर कॅमेरा पुढे-मागे करत पट्टीच्या रेषा स्पष्ट दिसेपर्यंत या आणि दुसरा फोटो घ्या. फोकस बदललेला नसल्याने दोन्ही फोटोंचं प्रमाण सारखंच राहतं. पट्टीच्या १० मिमीमध्ये किती पिक्सेल बसतात ते मोजलं की एका मिलिमीटरचे पिक्सेल मिळतात आणि त्यावरून किड्याचं माप. सेन्सर केवढा, लेन्सवर काय लिहिलंय, हे काहीच माहीत असावं लागत नाही. फोनवरही हे जमतं. स्क्रीनवर बोट दाबून धरल्यावर फोकस लॉक होतो, फक्त मधे कॅमेरा आपोआप बदलला नाही ना तेवढं बघायचं. माप लिहिताना पाय आणि मिशा सोडून शरीराची लांबी लिहा, आणि ‘१.२४७ मिमी’ असं न लिहिता ‘१.१ ते १.३ मिमी’ असं लिहा. कोळ्यांच्या बाबतीत तर हे फार गरजेचं आहे. तळहाताएवढा कोळी म्हणून जो सांगितला जातो, त्यात बहुतेक वेळा पायांचाच पसारा मोजलेला असतो.

उरला फ्रीज. मावा, पिठ्या ढेकूण, स्प्रिंगटेल यांची अंगं मऊ असतात. मेल्यावर वाळून ती आक्रसतात, म्हणजे ज्या मापासाठी त्यांना मारलं तेच माप बिघडतं. जिवंत किडा मोजायला तो हाती असावा लागतोच असं नाही. पानावर बसलेल्या किड्याचा फोटो वरून सरळ घ्या, आणि त्यात आजूबाजूच्या दोन-तीन शिरा येऊ द्या. तो उडाला तरी पान तिथेच असतं. त्या शिरा जिथे फुटतात त्या जागांमधलं अंतर पट्टीने मोजा आणि तेच अंतर फोटोत पिक्सेलमध्ये मोजून प्रमाण काढा. चपटा, पानाला चिकटून बसणारा किडा असेल तर दूरच्या नाण्यापेक्षा हे माप कितीतरी विश्वासाचं. मात्र पान कोवळं असेल तर त्याच दिवशी मोजा, कारण ते वाढतं.