टंग टेस्टर ठेवा खाली, नारंगी वायरीला हात लावू नका

सध्या नाशिकच्या फॅमिली ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. ‘हायब्रिड गाडीवाल्यांनो सावधान’ असा मथळा आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. मजकूर थोडक्यात असा: स्कॅनरवर ड्राइव्ह मोटर करंट सेन्सरचा (चाकं फिरवणाऱ्या मोटरचा करंट मोजणारा) दोषाचा कोड आला की समजा बॅटरी गेली. शोरूमवाले मुद्दाम अख्खा इन्व्हर्टर (बॅटरीच्या डीसीचा मोटरसाठी एसी करणारा डबा) गळ्यात मारतात. दोष घरीच कळतो, बॉनेट उघडून नारंगी वायरीला टंग टेस्टर (वायरीला चिमट्यासारखं लावून करंट मोजायचं मीटर) लावा, शून्य दाखवलं तर सेन्सर मेला. खात्री करायची तर कव्हर काढून टर्मिनलवर मीटर धरा, आधी १२ व्होल्टची बॅटरी सोडवली की धोका संपला. नाहीतर कोड पुसा आणि बिनधास्त चालवा. बंद पडलीच तर दोरी बांधून गॅरेजला ओढून न्या.

सिडकोत राहणाऱ्या माझ्या मामांनी हे वाचलं आणि शेजाऱ्याचा टंग टेस्टर मागून आणला. त्यांच्या गाडीत ना दिवा लागलाय, ना कोड आलाय. ‘आधीच बघून ठेवतो रे,’ म्हणे! मी सातपूर एमआयडीसीत व्हीएफडी, म्हणजे कारखान्यातल्या मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हच्या मेंटेनन्सला आहे. आमच्या व्हीएफडीत जे करंट सेन्सर असतात, तत्त्वाने तेच गाडीच्या इन्व्हर्टरमध्ये असतात, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

बॅटरीचा मुद्दा एका ओळीत संपतो. मोटरला वीज नेणाऱ्या तीन लाइन म्हणजे यू, व्ही, डब्ल्यू फेज. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२०१२ या कोडांच्या मानकात पी०ए६० म्हणजे ड्राइव्ह मोटरच्या व्ही फेजचा करंट, पी०ए६३ म्हणजे डब्ल्यू फेजचा. बॅटरी पॅक बदला म्हणणारा कोड वेगळा, पी०ए८०. मेसेज लिहिणाऱ्याने यादी उघडूनही पाहिलेली नाही.

टंग टेस्टरचं तर हसू येतं. गाडी ‘पी’मध्ये उभी असताना चाकं फिरवणाऱ्या मोटरला करंट जातच नाही, मग शून्य नाही येणार तर काय येणार? म्हणजे ठणठणीत गाडीचा सेन्सरही या परीक्षेत नापास. शिवाय घरगुती टंग टेस्टर ५० हर्ट्झच्या लाइनसाठी बनवलेला, आणि मोटरची फ्रिक्वेन्सी वेगाबरोबर बदलत राहते. खरा सेन्सर इन्व्हर्टरच्या पोटात, बसबारभोवती, म्हणजे करंट नेणाऱ्या तांब्याच्या पट्टीभोवती बसलेला असतो. तो तांब्याला चिकटलेला नसतो, करंटमुळे तयार होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावरून छोटा व्होल्टेज सिग्नल कंट्रोल युनिटला देतो. तिन्ही फेजच्या करंटची बेरीज शून्य येते, म्हणून पुष्कळ गाड्यांत दोनच फेज मोजतात आणि तिसरा हिशोबाने काढतात. सेन्सर बरोबर आहे का ते स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये बघायचं, वायरीवर नाही.

आता ज्या वाक्यामुळे मी हे लिहायला बसलो ते: ‘१२ व्होल्टची बॅटरी सोडवली की धोका संपला.’ हे वाक्य माणूस मारेल. ती बॅटरी काढली की मोठ्या बॅटरीचे मेन रिले (तिची जोडणी तोडणारे स्विच) सुटतात, हे बरोबर. पण रिलेचे पॉइंट वेल्ड होऊन चिकटले असतील तर तेही सुटत नाहीत. आणि सुटले तरी इन्व्हर्टरमधला वीज साठवणारा कपॅसिटर भरलेलाच राहतो. टोयोटाच्या तिसऱ्या पिढीच्या प्रियस हायब्रिडमध्ये २०१.६ व्होल्टची बॅटरी असते आणि तिथून मोटरसाठी व्होल्टेज ६५० पर्यंत चढवलं जातं. डीसी ६० व्होल्टच्या वर गेला की वाहनांच्या सुरक्षा नियमांत तो हाय व्होल्टेजच धरतात, वायर नारंगी ठेवायची ती त्यासाठीच. टोयोटाच्या दुरुस्ती पुस्तिकेत क्रम स्पष्ट आहे: इन्सुलेटेड हातमोजे घाला, सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीची जोडणी तोडणारा) काढा, १० मिनिटं थांबा, आणि त्यानंतरही टर्मिनलवर शून्य व्होल्ट आहे का ते मोजूनच पुढे जा.

आमच्याकडे व्हीएफडीचा मेन बंद केला तरी आतला लाल चार्ज लॅम्प लगेच विझत नाही. मीटर लावला की डीसी बस, म्हणजे आत साठलेला व्होल्टेज, ५८० व्होल्टवरून खाली येताना दिसतो, सुरुवातीला भराभर, मग रेंगाळत. आयटीआयमधून नवीन आलेल्या पोराला पहिल्या दिवशी आम्ही हेच दाखवतो आणि हात खिशात ठेवायला लावतो. तिथे निदान दिवा तरी आहे. गाडीच्या कव्हरखाली तोही नाही.

शोरूमवाल्यांबद्दल लिहिलंय त्यात थोडं तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. सेन्सर इन्व्हर्टरच्या आत असतो आणि बऱ्याच गाड्यांना सुटा मिळत नाही, त्यामुळे बिल अख्ख्या इन्व्हर्टरचं येतं. पण इन्व्हर्टर उतरवायच्या आधी काय काय तपासलं, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. एकट्या व्ही फेजचीच तक्रार असेल तर संशय त्या सेन्सरवर किंवा त्याच्या सर्किटवर. व्ही, डब्ल्यू आणि सोबत जनरेटरचेही (गाडीतली वीज बनवणारी दुसरी मोटर) सेन्सर एकदम बोंबलत असतील तर सगळे एकाच वेळी मरतील कसे? तेव्हा कनेक्टर, सामायिक सप्लाय आणि मरगळलेली १२ व्होल्टची बॅटरी आधी बघायची. जोडीला पी०एए६ असेल तर इन्सुलेशन गेलंय. मग मूळ दोष मोटरच्या वाइंडिंगमध्ये किंवा केबलमध्येही असू शकतो, आणि नवा इन्व्हर्टर टाकून खिसाच रिकामा होईल.

हे सगळं कळतं ते कोड आणि फ्रीझ फ्रेमवरून (दोष आला त्या क्षणाची गाडीने ठेवलेली नोंद). मेसेज सांगतो तसा कोड पुसला की तोच पुरावा गेला. दोष जागेवरच. कंट्रोल युनिट मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, करंटवरूनच हिशोबाने काढतं. करंटवर भरवसा नसला की ते मोटरची ताकद तोडतं. हे कसारा घाटात, मागे ट्रेलर असताना व्हावं अशी इच्छा असेल तर खुशाल पुसा.

आणि दोरीने ओढायचं म्हणे. मोटरमध्ये कायमचे चुंबक असतात. चाकं फिरली की मोटर फिरते आणि गाडी बंद असली तरी वीज तयार करते. पुढची चाकं चालवणारी हायब्रिड ओढायची तर पुढची चाकं उचलूनच, त्याहून बरं म्हणजे गाडी सरळ फ्लॅटबेडवर चढवायची. टोइंगवाल्याला फोन करतानाच ‘हायब्रिड आहे’ सांगा, नाहीतर तो हूक घेऊन येईल.