बालगंधर्वचा वाद आणि एक राहून गेलेला प्रश्न

पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर पाडून नवीन बांधायचं की आहे तेच दुरुस्त करायचं, हा वाद २०१८ पासून अधूनमधून वर येतोच आणि आला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन पार्ट्या पडतात. थिएटरं किती होणार, पार्किंगचं काय, १९६८ साली सुरू झालेल्या वास्तूला हात कशाला लावायचा. मी दुरुस्तीच्या बाजूनी आहे. पण इथे कॅलिफोर्नियात बसून हे सगळं वाचताना वाटतं की एक प्रश्न राहूनच जातोय, ज्या रविवारी नाटकाचं तिकीट काढलेलं नाही त्या रविवारी पोरं आणि आजीला घेऊन चार तास काही बघायला जायचं तर पुण्यात कुठे जायचं?

मागे आई आली होती तेव्हा आम्ही सगळे स्टॅनफर्डला, युनिव्हर्सिटीच्या आवारातल्या कँटर आर्ट्स सेंटर ह्या कलासंग्रहालयात गेलो. आईनी गाडीतच विचारलं, "अरे पण आपल्याला आत सोडतील का? आपलं कोणी शिकत नाही ना तिथे." सोडतात. सगळ्यांना फुकट, शेजारचं अँडरसन कलेक्शन पण फुकट. आणि फ्रेंच शिल्पकार रोदँची ब्राँझची शिल्पं तर बाहेर बागेतच उभी आहेत.

तिथे 'गेट्स ऑफ हेल', म्हणजे नरकाचं दार आहे. रोदँनी १८८० ला हे दार करायला घेतलं आणि पुढे कित्येक वर्षं तो त्यात भर घालत राहिला, दीडशेच्या वर आकृत्या आहेत त्यावर, लोंबकळणाऱ्या, कोसळणाऱ्या, एकमेकांत अडकलेल्या. मुलगी वही-पेन्सिल घेऊन खाली खडीवरच बसली आणि थोड्या वेळानी ओरडली, "आजी, तो बघ, तो वर बसलाय!" हनुवटीला हात लावून बसलेला जो 'थिंकर' सगळ्यांना माहितीये, तो मुळात ह्या दाराच्या माथ्यावर बसवण्यासाठी केलेला. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं, मान वर करून तिनी शोधलं.

कँटरची ही इमारत १८९४ ची. १९०६ च्या भूकंपात तिचा बराच भाग गेला, १९८९ च्या भूकंपानंतर परत बंद पडली, मग जुनी इमारत दुरुस्त करून, जोडीला नवीन भाग बांधून १९९९ ला पुन्हा उघडली. जवळच 'स्टोन रिव्हर' आहे, अँडी गोल्ड्सवर्दी ह्या ब्रिटिश शिल्पकारानी २००१ साली रचलेली ३२० फुटांची नागमोडी भिंत, भूकंपात पडलेल्या कँपसच्या इमारतींच्या दगडांची. पोरं तिच्या कडेकडेनी पळत सुटली.

आता कोणी म्हणेल तिथे पैसा आहे. आहेच, युनिव्हर्सिटी काढणाऱ्या लेलंड स्टॅनफर्डच्या रेल्वेतून आलेला, आणि ती रेल्वे बांधताना राबलेल्या चिनी मजुरांच्या वाट्याला त्यातलं फार थोडं आलं. पुण्याच्या विद्यापीठाकडे तसा खजिना नाही हे मान्य, पण आत येऊ द्यायला खजिना लागत नाही. आणि आपल्याकडे लोकांना आवड नाही हे तर मला अजिबात पटत नाही. सवाईला पोराला मांडीवर झोपवून रात्री उशिरापर्यंत गाणं ऐकणाऱ्या बायका मी लहानपणापासून बघितल्यात, इथल्या कॉन्सर्ट हॉलमध्ये असं एकदाही दिसलं नाही.

ललित कला केंद्र १९८७ पासून त्या विद्यापीठातच आहे. नाटक, नाच, गाणं शिकणारी गुणी पोरं तिथे तालमी करतात, प्रयोग पण होतात, पण ज्याची ओळख आहे त्यालाच कळतं, धायरीत किंवा चिखलीत राहणाऱ्या घराला कळणार कसं? महिन्यातला एक रविवार ठरवा, पोरांची तालीम बघू द्या, वाद्यं जवळून दाखवा, लहान मुलांना पुढे बसवा, मेन गेटवर मोठ्ठा बोर्ड लावा. आणि गेटवरच्या सिक्युरिटीला सांगून ठेवा की त्या दिवशी "कोणाकडे काम आहे?" असं कोणालाही विचारायचं नाही.