शब्दकोड्याच्या त्या मेसेजबद्दल खुलासा

इंदूरमधल्या आपल्या मराठी ज्येष्ठांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘फिनलंडमध्ये सिद्ध झालंय, रोज शब्दकोडं सोडवा, स्मृतिभ्रंश होणार नाही, बीपीच्या गोळ्यांचीही गरज नाही.’ हे खरं नाही.

तिथला ‘फिंगर’ अभ्यास २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, मी तो मुळातून वाचला. ६० ते ७७ वयाचे १,२६० लोक, दोन वर्षं. निम्म्यांना आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख, असं सगळं एकत्र दिलं होतं. त्यांची विचारशक्ती इतरांपेक्षा थोडी अधिक सुधारली, एवढंच. स्मृतिभ्रंश टळतोच, असं त्यात म्हटलेलं नाही. एकट्या शब्दकोड्याला श्रेय तर नाहीच.

गोळ्यांची ओळ मला फार धोक्याची वाटते. विशेषतः मध्यम वयातला वाढलेला रक्तदाब स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतो. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालातल्या १४ कारणांत तो आहे, मधुमेह आणि कमी ऐकू येणंही आहे. (काका-काकू, श्रवणयंत्र कपाटात ठेवू नका हो.)

शब्दकोडं जरूर सोडवा, नेहरू पार्कात फेऱ्याही मारा. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.