गॅलरी आधी सांगून पडत नाही

पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच. इमारत तीस वर्षांची होईपर्यंत स्ट्रक्चरल ऑडिटची, म्हणजे इंजिनीअरकडून मजबुती तपासून घेण्याची, गरज नाही. गॅलरी ज्याच्या फ्लॅटला आहे त्याची, सोसायटीचा संबंध नाही. खालून पोपडे पडतात ते वरवरचं असतं, प्लास्टर करून रंग मारला की झालं. ऑडिटचा आग्रह धरणारे बिल्डरला सामील असतात. आणि अगदीच भीती वाटली तर चार टेकू लावून घ्या. यातल्या जवळपास प्रत्येक वाक्यात चिमूटभर खरं आहे, म्हणूनच तो पटतो आणि पुढे जातो.

तीस वर्षांपासून सुरुवात करू. हा आकडा मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब मधला. वापर सुरू होऊन तीस वर्षं झाली की महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून इमारत तपासून घ्यायची, पुढे दर दहा वर्षांनी पुन्हा. पण याच कलमानुसार आयुक्त लेखी कारण नोंदवून कधीही तपासणी करायला लावू शकतात. ही ओळ फॉरवर्ड होताना बरोबर गळते. शिवाय सहकारी सोसायट्यांचे आदर्श उपविधी बघा: १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी, त्यापुढे दर तीन वर्षांनी. म्हणजे वीस वर्षांच्या इमारतीतला सेक्रेटरी जेव्हा “अजून दहा वर्षं आहेत” म्हणतो, तेव्हा त्याने आपल्याच कपाटातलं पुस्तक उघडलेलं नसतं.

आणि इमारत नवी आहे म्हणून ती धड असेलच असं कोणी सांगितलं? महाडची तारिक गार्डन २४ ऑगस्ट २०२० ला कोसळली, १६ माणसं गेली. ती दहा वर्षांचीही नव्हती. गॅलरीचंच उदाहरण हवं असेल तर कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचं घ्या. १६ जून २०१५ ला तिथल्या एका अपार्टमेंटची गॅलरी तुटून सहा तरुण मुलंमुली गेली. ती इमारत २००७ ला पूर्ण झालेली, जेमतेम आठ वर्षांची. गॅलरी लाकडी तुळयांवर होती, आत पाणी मुरून तुळया कुजल्या होत्या. त्यानंतर त्या राज्याने २०१८ आणि २०१९ मध्ये दोन कायदे केले. जमिनीपासून सहा फुटांहून उंच, लाकडाच्या आधारावरच्या गॅलऱ्या, जिने, मोकळे पॅसेज भाड्याच्या इमारतींत दर सहा वर्षांनी आणि मालकीच्या फ्लॅटांत दर नऊ वर्षांनी तपासायचे. आपल्याकडे लाकूड नाही, काँक्रीट आहे, हे मान्य. पण पाणी इथेही मुरतंच, आणि कुजण्याऐवजी सळया गंजतात.

पोपड्यांचा मुद्दा मला सगळ्यात धोकादायक वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो.

खोलीचा स्लॅब चारी बाजूंनी किंवा निदान दोन बाजूंनी टेकलेला असतो. त्यात काही बिघडलं तर तो आधी वाकतो, तडे दाखवतो, थोडा वेळ देतो. गॅलरी बहुतेक वेळा एकाच बाजूने धरलेली असते, बाकी अधांतरी. अशा स्लॅबला ओढ बसते ती वरच्या अंगाला, म्हणून मुख्य सळया वर असाव्या लागतात. आता बांधकाम आठवा. स्लॅब भरताना मजूर घमेली घेऊन त्याच सळयांवरून जातात. खाली सळया उचलून धरणाऱ्या लोखंडी खुर्च्या नीट दिलेल्या नसतील तर सळया दबून मधे किंवा तळाला बसतात. नकाशावर सळई बरोबर जागी, प्रत्यक्षात दोन इंच खाली. हा दोष त्या दिवसापासून पोटात असतो आणि फरशी बसली की कुणाच्या बापाला दिसत नाही.

त्यावर पावसाचं पाणी. गॅलरी जिथे भिंतीला मिळते तिथेच वरच्या बाजूला बारीक चीर जाते, आणि नेमका तोच भाग फरशीखाली झाकलेला. ढाळ चुकलेला असला तर पाणीही तिथेच साठतं. सळई गंजली की गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होतं, तो काँक्रीट आतून फोडतो. तुम्हाला खालून दिसणारे पोपडे हे त्याचं खालचं टोक. त्यावर प्लास्टर आणि रंग मारला की गंज थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो, आणि पुढच्या इंजिनीअरला फसवायची सोय होते.

तपासणी म्हणजे हातोडीने दोन ठोके मारून जाणं, असं समजू नका. चांगला माणूस भिंतीलगतची एखादी फरशी काढायला लावतो. काँक्रीटला भोक पाडून आत फिनॉल्फ्थेलीन नावाचं रसायन फवारतो. ताज्या भोकात गडद गुलाबी रंग आला तर तिथलं काँक्रीट अजून सळयांना जपतंय. रंगच आला नाही, आणि तेही सळईच्या खोलीपर्यंत, तर ते संरक्षण गेलं. काँक्रीटचा दर्जा अजमावणारे रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक, सळई गंजण्याची शक्यता दाखवणारं हाफसेल, गरज पडली तर कोअर म्हणजे काँक्रीटचा नळकांड्यासारखा नमुना काढणं हे त्यापुढचं. ही नावं अहवालात नसतील, फक्त फोटो आणि “दुरुस्ती आवश्यक” असेल, तर पैसे कशाचे दिले ते विचारा.

वजनाचंही बोललं पाहिजे. राहत्या घराच्या खोलीसाठी भारतीय मानक दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतं, गॅलरीसाठी किमान ३००. म्हणजे गॅलरीला खोलीपेक्षा जास्त जपायचं हे मानकातच आहे. आपण काय करतो? काचा लावून खोलीत घेतो, जुन्या फरशीवर नवी फरशी, कठड्याला लागून विटांचा वाफा. फूटभर ओल्या मातीचं वजनच चौरस मीटरला ५०० किलोच्या घरात जातं, आणि तेही आधारापासून सगळ्यात लांबच्या टोकाला. कढीपत्ता हवाच असेल तर कुंडीत लावा, आणि ती भिंतीलगत ठेवा.

“गॅलरी ज्याची त्याची” हे फरशीपुरतं खरं. पण तुमच्या गॅलरीचा स्लॅब हा खालच्याचं छत आहे, आणि आदर्श उपविधींत सर्व सदनिकांच्या छतांची संरचनात्मक दुरुस्ती आणि बाहेरच्या भिंती सोसायटीच्या खर्चात मोडतात. खाली रस्ता असतो तोही सभासदाचा नसतो. २० जुलै २०२४ ला ग्रँट रोडच्या रुबिनिसा मंझिलचा गॅलरीकडचा भाग कोसळला आणि एका वृद्ध महिलेचा जीव गेला. तेव्हा सातबारा कुणाचा हे विचारत बसण्यात काही अर्थ नव्हता.

राहिला बिल्डरचा डाव. इथे मात्र फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या रागाला आधार आहे. इमारत सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरली की ती रिकामी करून पाडायची असते, आणि रिडेव्हलपमेंटला विरोध करणाऱ्यांचं तोंड आपोआप बंद होतं. त्यासाठी अहवाल “जुळवून” घेतल्याच्या तक्रारी नव्या नाहीत. पण म्हणून ऑडिटच नको, हे अजब आहे. इंजिनीअर सर्वसाधारण सभेने नेमायचा, बिल्डरने सुचवलेला नाही. चाचण्यांचे मूळ आकडे आणि जागा सभासदांना द्यायच्या. पटलं नाही तर दुसरा अहवाल आणायचा. दोन अहवालांत तफावत असेल तर मुंबईत महापालिकेची तांत्रिक सल्लागार समिती आहेच. शिवाय सी-१ खेरीज सी-२अ, सी-२ब आणि सी-३ हेही वर्ग आहेत, म्हणजे दुरुस्ती करून राहता येईल असे. पोकळ अफवेपेक्षा आकड्यांचा अहवाल बिल्डरला जास्त जड जातो.

शेवटचं टेकूंचं. गॅलरी संशयास्पद वाटली की तिच्याखाली जॅक लावतात आणि ते टेकवतात खालच्या मजल्याच्या गॅलरीवर. म्हणजे एकीचा भार दुसरीवर, आणि ती पण त्याच वयाची, त्याच ठेकेदाराची. टेकू द्यायचेच तर एकाखाली एक, थेट जमिनीपर्यंत, आणि ते इंजिनीअरने आखून दिल्याप्रमाणे. तोवर गॅलरीचं दार बंद ठेवून खालची जागा दोरी लावून अडवायची. स्कूटर काढायला सांगितल्या की वॉचमनशी भांडण होईल, ते होऊ द्यावं.